कापसाच्या खोलीतलं धान

माझ्या जेठांना, म्हणजे थोरल्या दिरांना, मी माफ केलेलं नाही आणि करण्याचा विचारही नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर बंद खोलीत शेती करणारी बाई म्हटलं की लोक लगेच कौतुकाला लागतात, जिद्द बिद्द म्हणतात. मध्यंतरी जळगावहून एक मुलगी आली होती, मोबाईलवर माझी मुलाखत घ्यायला. तिने विचारलं, तुमची प्रेरणा कोण? मी म्हटलं, माझे जेठ. तिला ते फारच आवडलं. तिच्या त्या लेखात तिने लिहिलं की सासरच्या माणसांचा भक्कम पाठिंबा असला की बाई काहीही करू शकते. मी ते वाचून पोट धरून हसले आणि कागद जपून ठेवला.

माझं माहेर साक्रीकडचं, डोंगराच्या कडेचं, पाऊस पडेल तेवढंच पिकणारं. सासर पहूरजवळ. केळी, कापूस, विहिरीला पाणी. लग्न होऊन आले तेव्हा माझी बोली ऐकून इथल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. माझ्या नवऱ्याला त्यात गंमत वाटायची, पण तो स्वतः कधी हसला नाही. दोघा भावांचं वावर एकत्रच होतं, सातबाऱ्यावर सासऱ्यांनंतर दोघांची नावं. तरी कोणता तुकडा कोणी करायचा हे ठरलेलं होतं, आणि विहिरीजवळचा तुकडा माझ्या नवऱ्याच्या हातचा होता. काळीभोर माती. मूठभर उचलली तर बोटांच्या फटीतून गळायची नाही. आमच्या घराण्यात नवरात्राच्या घटाला त्याच तुकड्यातली माती आणायची, अशी सासऱ्यांच्याही आधीपासूनची रीत. नवरा नव्या टोपलीत ती आणायचा आणि मी तीत गहू पेरायची.

मग काविळीने तो गेला. अठरा दिवसांत. आम्हाला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे पुढचं सगळं जेठांना फार सोपं गेलं.

दिवस उरकल्यावर ओसरीत भाऊकी बसली. आठ-दहा पुरुष आणि भिंतीला टेकून मी. जेठांनी हळू आवाजात, अगदी मायेने, सगळं मांडलं. एकट्या बाईने वावरात कुठे उन्हातान्हात फिरायचं, मजूर ऐकणार नाहीत, लाइट मध्येच येते, मोटर कोण चालू करणार. त्यापेक्षा वावरावरचा हक्क सोडावा, आणि मागच्या अंगाची दोन खणांची राहती जागा आणि तिला लागून असलेली कापसाची खोली कायमची माझी. कापसाची खोली म्हणजे भाव चढेपर्यंत वेचलेला कापूस छतापर्यंत कोंबून ठेवायची जागा. एक दार, वर हातभर झरोका, बस. मी म्हटलं, मला विहिरीजवळचा तुकडा तेवढा द्या, बाकी काही नको. त्या खोलीत मी काय पिकवू?

जेठ हसले. "चार भितीत काय पिकते? काई नही पिकत. म्हनून तं देतो. तुले तरास नही."

ओसरीत बसलेले सगळे हसले. वाईट मनाने हसले असं म्हणणार नाही. एक चांगला विनोद झाला म्हणून हसले. मी त्या हसणाऱ्या तोंडांकडे एकेक करून पाहून घेतलं. आठ दिवसांनी जामनेरला जाऊन हक्कसोडीवर सही केली. का केली, असं लोक आज विचारतात. ज्यांनी कधी भाऊकीसमोर एकटं बसून पाहिलेलं नाही, तेच विचारतात.

त्याच वर्षी घटस्थापनेला मी नेहमीसारखी आंघोळ करून पुढच्या घरात गेले. जेठ विहिरीजवळची माती घेऊन आले होते. मी टोपलीला हात घालणार, तोच जेठाणीने ती माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, तू नको आता हात लावू. एवढंच. आवाजही चढवला नाही. पंधरा वर्षं ज्या घटाला मी गहू पेरला, तो माझ्या हाताने विटाळला असता. मी मागल्या पावली परत आले. वावर गेलं तेव्हा मी रडले नव्हते, त्या दिवशी मात्र रडले.

माझी आई तेव्हा सोबतीला येऊन राहिली होती. आमच्याकडे आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी पोरी घरात गौराई मांडतात, टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. तिने मला लहानपणी ते शिकवलं होतं. ती उठली, डब्यातून दोन मुठी गहू काढले आणि माझ्या ओच्यात टाकले.

"रडू नको," ती म्हणाली. "अंधारामा बी उगस."

वावरातली माती मला मागायची नव्हती. मी अंगणातली खणली, चाळली, फुटक्या परातीत पसरली आणि कापसाच्या खोलीच्या कोपऱ्यात माझा घट मांडला. दार लावून घेतलं. विधवेने घट मांडला हे पुढच्या घरात कळलं असतं तर आभाळ कोसळलं असतं. नवव्या दिवशी परातीत वीतभर धान उभं होतं, हळदीसारखं पिवळं, ताठ. दसऱ्याला ते मी कोणाला देणार? थोडं नवऱ्याच्या फोटोला वाहिलं, थोडं आईने केसात खोवलं. आणि तिथे त्या अंधाऱ्या खोलीत उकिडवी बसून मी पहिल्यांदा विचार केला, की चार भिंतीत पिकतं तर.

तेव्हापासून दर वर्षी मी तो घट चोरून मांडत आले. नऊ वर्षं. देवीवर माझा फार विश्वास आहे अशातला भाग नाही. मला तो मांडायला बंदी होती, म्हणून मी मांडत होते.

त्या खोलीत पिकवायचं काय, हे मला धुळ्याला कळलं. शेतीच्या कॉलेजात तीन दिवसांचं शिबिर होतं, अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं. माझ्या मामेबहिणीकडे राहून मी ते केलं. वर्गात मी सोडून सगळी पोरं होती. शिकवणारे सर म्हणाले, याला जमीन लागत नाही, ऊन लागत नाही, ओलावा आणि अंधार लागतो. मला वाटलं हा माणूस माझ्या खोलीविषयीच बोलतोय. त्यांचं एकेक वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. त्यात एक हेही होतं, की तणनाशक मारलेल्या वावरातलं भुसकट किंवा माती खोलीत आणू नका, काही तणनाशकं जमिनीत महिनोन्महिने मुरून राहतात आणि दाण्याला मूळच फुटू देत नाहीत. त्या वाक्याखाली मी रेघ मारली नव्हती. कशाला मारणार?

पहिली दोन पिकं फुकट गेली. खोलीच्या सांदीकोपऱ्यात जुन्या कापसाचे धागे अडकलेले होते, त्यांनी ओल धरली आणि माझ्या पिशव्यांवर हिरवी बुरशी चढली. मी सगळ्या पिशव्या उकिरड्यात पुरल्या, भिंती खरवडल्या, तीन वेळा चुना मारला. जेठ येता-जाता बघायचे. तिसऱ्या वेळी गव्हाचा भुसा गरम पाण्यातून काढून, निथळून, पिशव्यांत बियाणं थराथराने भरलं, पिशव्या दोरीला टांगल्या, दाराला ओलं गोणपाट लावलं. विसाव्या-बाविसाव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पिशव्यांच्या भोकांतून पांढरे पंखे बाहेर आलेले. मी दाराला टेकून उभी राहिले आणि मोठ्याने एक शिवी दिली. कोणाला ते सांगायला नको.

जेठांनी गावभर केलं की ही कुत्र्याच्या छत्र्या पिकवते, खाणारा मरेल. शाकाहारी घरांत सांगितलं की ते मटणासारखं लागतं, म्हणजे मटणच. बाजाराच्या दिवशी माझ्या टोपलीपुढून बायका नाक मुरडून जायच्या. मी गावात विकणं सोडलं आणि जामनेर, जळगावच्या हॉटेलांना माल द्यायला लागले. गावाला माझी कुत्र्याची छत्री नको होती, आणि तीच गावातली पोरं जळगावला जाऊन मिटक्या मारत खायची. हे मला हॉटेलवाल्याने सांगितलं तेव्हा मी त्याला त्या पोरांची वर्णनं विचारून घेतली. दोघे तर माझे पुतणे निघाले. मी ते कोणाला सांगितलं नाही. अशा गोष्टी मी साठवून ठेवते.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असतात, तेव्हा मशरूम बंद. त्या दिवसांसाठी मी खोलीच्या दुसऱ्या अंगाला लोखंडी मांडण्या केल्या आणि दिव्यांखाली मेथी, कोथिंबीर, गव्हांकुर लावायला लागले, मातीऐवजी नारळाच्या भुशात; पुढे ती बाराही महिने ठेवली. मांडण्या जोडून दिल्या जामनेरच्या एका वेल्डरने. मुसलमान कुटुंब, दुकानावरच राहणारं, तीन भाऊ आणि त्यांच्या संसाराला वरच्या चार खोल्या. मांडण्या बसवायला आला तेव्हा त्याने तासभर सगळं निरखून पाहिलं, मग संकोचून विचारलं की भाभी, हे माडीवरही जमेल का. मी म्हटलं, ज्याला वावर नाही त्यालाच जमतं. आज त्याच्या बायकोची कोथिंबीर माझ्यापेक्षा सरस असते, हे मला कबूल करावं लागतं.

आता तर कुठेही जा. जळगावात एका निवृत्त मास्तरांनी मुलाची रिकामी झोपायची खोली गार करून त्यात केशराचे कंद मांडलेत. धुळ्याला दोन पोरांनी गोदामात पाइपांतून पाणी फिरवून पालेभाजी लावली आहे, आणि तिथे येणारा प्रत्येक पाहुणा आधी विचारतो, माती कुठे आहे? लोक म्हणतात विज्ञान फार पुढे गेलं. गेलं असेल. मला मात्र त्यात दुसरंच दिसतं. आपल्याकडे माणसं वाढतात, वावर तेवढंच राहतं. दर पिढीला मध्ये एक बांध पडतो, आणि शेवटी बांधच जास्त आणि वावर कमी होतं. मग कोणालातरी बाहेर काढावं लागतं. कधी धाकट्या भावाला, कधी बहिणीला, कधी विधवेला. असे बाहेर काढलेले लोक भिंतींच्या आत पेरायला लागलेत. या धंद्यातली जितकी माणसं मला भेटली, त्यांतल्या निम्म्यांना मी हळूच विचारलं आहे, तुम्हाला कोणी काढलं? एकानेही प्रश्न कळला नाही असं म्हटलं नाही.

आता गेल्या वर्षीच्या नवरात्राचं सांगते.

सातव्या माळेला, दुपारी, पुरुष माणसं बाहेर असताना जेठाणी माझ्या दाराशी आली. नऊ वर्षांत तिने माझा उंबरा ओलांडला नव्हता. मी तिला अक्का म्हणते, जेठांना नाना, अजूनही. ती आत आली, मांडण्यांवरच्या हिरव्यागार गव्हांकुरांकडे बघत राहिली आणि मग एकदम खाली बसली.

"घट उगला नही वं," ती म्हणाली. "सात माया झाल्या, एक कोंब नही. समदे म्हनतील, मीच काई इटाय केला. तुह्या खोलीतलं दोन मुठी दे. मी तठी रोवून देते, कोनाले समजनार नही."

आमच्या घराण्याचा घट थोरल्याच्या घरी बसतो आणि दसऱ्याला सगळी भाऊकी तिथे धान घ्यायला येते. पुरुष टोपीत खोचतात, बाया केसात. धान जितकं उंच तितकं वर्ष चांगलं. घट उगवलाच नाही, असं कोणाच्या आठवणीत नाही. आणि न उगवल्याचा दोष पेरणाऱ्या बाईवर येतो, तिने विटाळ केला म्हणून, मातीवर कधीच येत नाही. जेठांनी तिला चौथ्या माळेपासूनच बोलायला सुरुवात केली होती. काय खाल्लंस, कुठे शिवलीस, कोणाच्या घरी गेलीस. साठीला आलेली बाई, सुनांसमोर हे ऐकत होती.

मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला. आतून, पोटातून, गरम चहा उतरावा तसा. ज्या हाताने माझ्याकडून टोपली काढून घेतली होती, तो हात माझ्यापुढे पसरलेला होता. मी तिला पाणी दिलं आणि मुद्दाम वेळ लावला.

मग विचारलं, माती कुठली? ती म्हणाली, नेहमीचीच, विहिरीजवळची. मी म्हटलं, तिथे या वर्षी निंदणीला बाया दिसल्या नाहीत. ती म्हणाली, दोन वर्षं झाली, निंदणी बंदच आहे, बाया मिळत नाहीत म्हणून हे तणाचं औषध मारतात. पोळ्यानंतरही मारलं होतं, तण उगवायच्या आधीच मारायचं असतं ते. यंदा तर चांगलं दुप्पट मारलं, कारण पुन्हा पुन्हा कोण करणार. पदराच्या गाठीत तिने घटातले चार दाणे आणले होते, ते तिने मला दाखवले. दाणे फुगलेले होते. मूळ जिथे बोटभर लांब हवं तिथे नुसती गाठ.

मला वहीतलं ते वाक्य आठवलं. जिथे माझा नवरा वाकून माती उचलायचा, ज्या तुकड्यासाठी मी ओसरीत पदर पसरला होता, तो तुकडा आता मूठभर गहू उगवू शकत नव्हता. मी ते चार दाणे तिच्या हातातून घेतले. आणि पुढच्याच क्षणी मला जेठांना काय म्हणायचं आहे ते अख्खं दिसलं.

मी जेठाणीला धान दिलं नाही. तिला सांगितलं, घट आहे तसाच राहू दे. कोणालाच काही सांगू नको. मला फक्त त्या मातीतली एक ओंजळ आणि घटाला वापरलेल्या गव्हातला एक वाटा आणून दे. ती गयावया करायला लागली की अजून तीन दिवस आहेत, तीन दिवस मी कशी काढू. मी म्हटलं, मी नऊ वर्षं काढली.

मी दोन मुठी दिल्या असत्या तर तिची सुटका त्याच दिवशी झाली असती. मांडण्यांवरचे हिरवे अंकुर द्यायचीही गरज नव्हती. मशरूमच्या पिशव्यांमागे माझा चोरटा घट होता, तो तिच्या घटाच्याच वयाचा, तसाच पिवळा. कोणाला शंकाही आली नसती. पण मग जेठ सुटले असते. म्हणून मी तिला तीन दिवस तिथे राहू दिलं, आणि भिंतीपलीकडून येणारा जेठांचा आवाज ऐकत राहिले. याची मला लाज वाटते. पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन, हेही खरं आहे.

संध्याकाळी ती माती आणि गहू देऊन गेली. मी दोन सारख्या कुंड्या घेतल्या. एकीत विहिरीजवळची माती, दुसरीत माझ्या अंगणातली. दोन्हींत तोच गहू, तेवढंच पाणी, शेजारी शेजारी, त्याच अंधारात. दसऱ्याच्या सकाळी दुसऱ्या कुंडीत कोंबांची दाट लव आली होती. पहिलीत काही नव्हतं.

दुपारी ओसरीत भाऊकी जमल्याचं ऐकू आलं. मी पांढरी नसलेली, चांगली मोरपंखी साडी नेसले, परातीतला माझा घट डोक्यावर घेतला, दोन कुंड्या हातातल्या पिशवीत, आणि पुढच्या दाराने आत गेले. नऊ वर्षांपूर्वी हसलेले त्यातले सहा जण तिथे होते. दोघे वारले, त्यांचं मला अजून वाईट वाटतं. त्यांनीही बघायला हवं होतं. भाऊकीतले सगळ्यात थोरले आबा, नव्वदीला टेकलेले, खाटेवर बसले होते. जेठ त्यांना सांगत होते की बाईमाणसाकडून काहीतरी चुकलं, देवीचा कोप झाला, शांती करून घेऊ. जेठाणी दाराआड उभी होती.

मी परात आबांच्या पुढ्यात ठेवली. वीतभर पिवळं धान. कोणीतरी हं असा आवाज काढला. मग दोन कुंड्या ठेवल्या आणि म्हटलं, "आबा, गहू एकच आहे, अक्काने घटाला घेतला तोच. पेरला मी. ही अंगणातली माती. ही विहिरीजवळची."

बाकी काही बोलावं लागलं नाही. आबांची नजर अधू आहे, पण सगळा जन्म मातीत गेलेला. त्यांनी कोंब नसलेल्या कुंडीत बोट खुपसलं, एक दाणा वर काढला, डोळ्यांजवळ नेला, हुंगला. मग जेठांना विचारलं की वावरात काय मारतोस. जेठ म्हणाले, सगळेच मारतात. आबांनी पुन्हा विचारलं, घटाच्या मातीत? आबांनी दाणा खाली टाकला आणि हात धोतराला पुसला, दोनदा.

"बाईचा काई दोस नही," ते म्हणाले. "त्वा जमीन मारली."

मग त्यांनी टोपी काढली आणि डोकं माझ्या परातीपुढे वाकवलं. मी थांबले. मी विधवा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच. मी धानाची जुडी उपटली आणि त्यांच्या टोपीत खोचली. ते झाल्यावर बाकीच्यांना मागे राहता येईना. एकेक करून सगळे आले, तेच सगळे, टोप्या हातात घेऊन. बाया आल्या. जेठाणी आली, तिच्या केसात मी खोवलं तेव्हा तिचे डोळे भरले होते आणि मी तिच्याकडे नीट बघू शकले नाही. शेवटी जेठ राहिले. भाऊकी बघत होती, त्यांना यावंच लागलं. त्यांनी टोपी पुढे केली, पण नजर परातीत.

मी जुडी खोचायच्या आधी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांनी वर पाहीपर्यंत.

"हे पिकते, नाना," मी म्हटलं.

बाकी कोणाला ते कळलं नसावं. त्यांना कळलं. नऊ वर्षांपूर्वीचा तो प्रश्न ते विसरले असतील अशी मला धास्ती होती, पण त्यांचा चेहरा उतरला आणि माझा जीव थंड झाला. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की सकाळी दूधवाला दार वाजवून निघून गेला.

लोकांना वाटतं गोष्ट इथे संपली. जेठांनाही तसंच वाटतं. आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून त्यांनी विहिरीजवळच्या तुकड्यात औषध मारणं बंद केलं, पुढच्या घटाला माती लागणार ना. आता तिथे पुन्हा निंदणीला बाया जातात. शेणखताच्या ट्रॉल्या पडल्या, मध्ये ताग पेरून गाडला. जेठ स्वतः उभं राहून करून घेतात. मी मागच्या दारातून बघते आणि काही बोलत नाही.

जेठाणी दर महिन्याला येते. पदराखाली वाटी असते, वाटीत त्या तुकड्यातली ताजी माती. मी तिला एकदाच आणायला सांगितलं होतं, पुढे ती आपण होऊन आणायला लागली. कशासाठी ते तिने विचारलं नाही. तिच्याही पोटात काहीतरी असेल, एवढ्या वर्षांच्या संसारात असतंच. आम्ही दोघी खोलीत चहा पितो, ती जाते, आणि मी त्या मातीत मोजून दहा दाणे गव्हाचे पेरते, अंधारात, पिशव्यांमागे, जिथे माझा घट बसायचा.

दिवाळीनंतरच्या महिन्यात एकही उगवला नाही. संक्रांतीला एक, तोही वाकडा. मग तीन. उन्हाळ्यात मी ती कुंडी ओल्या गोणपाटात गुंडाळून जपली. पाऊस लागला तेव्हा सहा झाले होते.

कागद जेठांच्या बाजूने आहे, हे मला माहीत आहे. पण भाऊकीने माझ्या हातून टोपीत धान घेतलं आहे, आणि आबा अजून खाटेवर बसून ऐकतात. ज्या दिवशी दहाच्या दहा उगवतील, त्या दिवशी मी ती कुंडी घेऊन पुढच्या दाराने ओसरीत जाणार आणि सगळ्यांसमोर म्हणणार, नाना, माझ्या माणसाचं वावर तुम्ही बरं करून ठेवलंत, आता ते मला द्या. तोवर त्यांना खतं टाकू दे, निंदू दे, राबू दे. त्यांना वाटतंय ते स्वतःसाठी राबतायत.

काल सकाळी झरोका उघडून पाहिलं. आठ उगवले होते, सरळ. दोन दाणे राहिलेत.